पेसाहचा भात, मलिद्याचं ताट

किप्पूरच्या, म्हणजे आमच्या प्रायश्चित्ताच्या दिवसाच्या, उपासाने देवाशी केलेल्या चुका धुतल्या जातात, माणसाशी केलेल्या नाहीत. ज्याला दुखवलं त्याच्याकडे स्वतः जाऊन त्याचं मन वळवल्याशिवाय त्या उपासाला अर्थ नाही, अशी शिकवण मिश्ना या आमच्या जुन्या धर्मग्रंथाच्या योमा या भागात आहे. म्हणून रोश हशाना, म्हणजे आमचं नववर्ष, ते किप्पूर या दहा दिवसांत आम्ही यहुदी माणसं एकमेकांकडे जातो, फोन करतो, क्षमा मागतो. लहानपणी ठाण्याला हे सगळं रीत म्हणून पाहिलं होतं. शेजारच्या काकू यायच्या, आईला म्हणायच्या, "वर्षभरात काही बोलले असेन तर पोटात घाल." आईही त्यांना तेच म्हणायची. मग दोघी चहा घ्यायच्या.

2016 सालच्या किप्पूरआधी मला खरोखर दोन माणसांकडे जावं लागलं. एक आमच्या न्यू जर्सीतल्या सिनेगॉगच्या स्वयंपाकघराची व्यवस्था बघणाऱ्या बाई, दुसरी माझी आई. तिसरी व्यक्ती माझी मुलगी. तिच्याकडे जायला मला आणखी वेळ लागला. या तिघींशी मी जे वागले ते इथे लिहिते आहे. परदेशात आपल्या देवाधर्मासह राहू पाहणाऱ्या कुठल्याही मराठी घरात हे घडू शकतं, असं मला वाटतं.

आम्ही बेने इस्राएल. कोकणातल्या नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटलं, सात जोडपी वाचली आणि त्यांच्यापासून आमचा समाज वाढला, असं आम्ही पिढ्यानपिढ्या सांगत आलो. अलिबाग, रेवदंडा, पेण, रोहा या भागात आमचे पूर्वज तेलाचे घाणे चालवत. शनिवारी घाणा बंद, म्हणून लोक त्यांना शनिवार तेली म्हणत. गावांवरून आडनावं पडली: पेणकर, रोहेकर, दिवेकर, अष्टमकर, किहीमकर. मुंबईत सामाजी हसाजी दिवेकर यांनी 1796 साली पहिलं सिनेगॉग बांधलं. जुनी माणसं सिनेगॉगला मशीदच म्हणत आणि मशीद बंदर हे नाव त्यावरूनच पडलं, असं आमच्याकडे सांगतात. ठाण्याचं आमचं शाआर हशामाईम 1879 चं. माझी आई रेवदंड्याची, लग्न होऊन ठाण्याला आली. घरात बोली मराठी, नमाज हिब्रूत, आणि सणांना आजीच्या तोंडी खास आमची नावं: रोश हशाना म्हणजे नव्याचा सण, किप्पूर म्हणजे दारफळणीचा सण, त्याच्या दुसऱ्या दिवशी दानधर्माचा आणि भेटीगाठींचा शिळा सण.

लग्नानंतर नवऱ्याच्या नोकरीमुळे आम्ही न्यू जर्सीत आलो. घरापासून जवळ कॉन्झर्वेटिव्ह पंथाचं सिनेगॉग होतं. आम्ही सभासद झालो. लोक प्रेमळ होते. बहुतेकांचे आजे-पणजे पोलंड, लिथुआनिया, युक्रेन इकडून आलेले, म्हणजे अश्केनाझी. त्यांच्या नमाजाच्या चाली वेगळ्या, हिब्रूचे उच्चार वेगळे, सणाचं जेवण अगदी वेगळं. शनिवारी नमाज झाल्यावर सगळे किडुशला, म्हणजे द्राक्षरसावरच्या आशीर्वादाला आणि खाण्याला, जमायचे. घरी आम्ही मनुका भिजवून उकळून केलेल्या सरबतावर किडुश म्हणायचो. इथे द्राक्षाची वाइन, माशाचे गोळे, नूडल्सचा कुगेल.

मी ठरवलं की हे सगळं शिकायचं. ते ठरवणं चुकीचं नव्हतं. सहा महिन्यांत मला त्यांच्या चालीत म्हणता यायला लागलं, कुगेल करता यायला लागला. पण नव्या गोष्टी शिकताना जुन्या मी गुपचूप बाजूला सारत गेले, आणि तसं कुणी मला सांगितलेलं नव्हतं. हे सिनेगॉग मोठं, इथे ग्रंथालय, इथे शिकलेले रब्बी, तेव्हा यांचं ते खरं आणि आपलं ते गावाकडचं, काहीतरी अर्धंमुर्धं उरलेलं, असं मी मनाशी धरून चालले.

याचा पहिला फटका मुलीला बसला. रविवारच्या हिब्रू शाळेत मुलांना आपल्या घराण्याचा नकाशा काढायला सांगितला होता. बाकी मुलांच्या रेघा युरोपातून निघून न्यूयॉर्कच्या बंदराला येत होत्या. तिची रेघ ठाण्याहून निघाली. एका मुलाने तिला विचारलं, "मग तुम्ही ज्यू कधी झालात?" हा प्रश्न आम्हाला मोठ्यांनाही किडुशच्या टेबलाशी बरेचदा यायचा. विचारणाऱ्याच्या मनात वाईट नसायचं, त्याने आमच्याविषयी कधी ऐकलेलंच नसायचं. मुलगी घरी येऊन म्हणाली, "आई, काय सांगू?" मी म्हणाले, "मुंबईजवळचे आहोत एवढंच सांग, पुढे बोलू नकोस."

मी तिला नवगाव सांगायला हवं होतं. शनिवारी बंद राहणारे घाणे सांगायला हवे होते. शतकानुशतकं ना रब्बी, ना छापील पुस्तक, तरी मुलांची सुंता, शब्बाथ, खवले नसलेला मासा न खाणं आणि 'शेमा'ची प्रार्थना यांना चिकटून राहिलेल्या माणसांची ती नात आहे, हे तिला माहीत हवं होतं. मी तिला गप्प राहायला शिकवलं. सात वर्षांच्या मुलीने त्यातून एवढंच घेतलं की आपल्याकडे लपवण्यासारखं काहीतरी आहे.

2009 च्या पेसाहला, मिसरातून सुटकेच्या सणाला, आई ठाण्याहून आली. वडील गेल्यानंतरचा तिचा पहिलाच पेसाह होता. येताना तिने आजोबांची हग्गादा, म्हणजे पेसाहच्या रात्री वाचायची पोथी, आणली होती, हिब्रूसोबत मराठी भाषांतर असलेली, कडा पिवळ्या पडलेली. आमच्यात ही परंपरा जुनी आहे. मुंबईत 1846 साली मराठी भाषांतरासह हग्गादा छापली गेली, आणि 1874 च्या पुण्याच्या हग्गादेतल्या चित्रात साडी नेसून जमिनीवर बसलेल्या बायका बेखमीर भाकरी करताना दिसतात. आईला त्या चित्राचं फार कौतुक. "बघ, मिसरातून निघालेल्या बायका अगदी आपल्यासारख्याच दिसतात," म्हणायची.

सणाच्या आठवडाभर आधी आई दुकानातून आणलेला तांदूळ ताटात पसरून निवडायला बसली. पेसाहसाठी तांदूळ निवडायचा तो एकेक दाणा बघून, चुकून गव्हाचा दाणा राहू नये म्हणून. आमच्याकडे त्या आठ दिवसांत तांदळाची भाकरी, भात, वालाची डाळ सगळं चालतं. पेसाहात आंबलेलं न खाण्याचा नियम लागतो तो गहू, जव, राय, ओट यांसारख्या पाच धान्यांना, तांदळाला नाही. पण युरोपातल्या अश्केनाझी यहुद्यांनी मध्ययुगात तांदूळ, मका, डाळी, शेंगा यांवरही बंदी घातली. ही धान्यं गव्हाच्या पोत्यांजवळ साठवली जात, त्यांचंही पीठ होई, माणसं गोंधळतील, अशी भीती होती. आमच्या न्यू जर्सीच्या सिनेगॉगमधली घरं ती बंदी पाळत होती.

मी आईच्या पुढ्यातलं ताट उचललं. म्हटलं, "आई, इथे हे चालत नाही." आई म्हणाली, "इथे म्हणजे कुठे? तुझ्या घरात?" मी म्हणाले, "आपल्याला कमी माहिती आहे. हे लोक बरोबर करतात." आई काही बोलली नाही. पुढचे आठ दिवस ती मत्सा, म्हणजे बेखमीर भाकरी, बटाटे आणि अंडी खाऊन राहिली. मत्सा तिला पचत नव्हता. आयुष्यभर जी दोन्ही वेळा भात जेवली त्या सत्तरीच्या बाईला मी तिच्याच धर्माच्या नावाखाली उपाशी ठेवलं, आणि तो धर्माचा नियम तिला लागूही नव्हता.

त्याहून मोठी गोष्ट दुसऱ्या रात्री घडली. पेसाहची दुसरी सेदर, म्हणजे हग्गादा वाचत करायचं सणाचं जेवण, सिनेगॉगमध्ये सर्वांनी मिळून केली होती. हग्गादेत घरातलं सर्वात लहान मूल चार प्रश्न विचारतं: आजची रात्र वेगळी का? अमेरिकेतल्या पुष्कळ सिनेगॉगमध्ये हे प्रश्न जितक्या भाषांत येतील तितक्या भाषांत म्हणायची पद्धत आहे. रब्बींनी विचारलं, "कुणाला आणखी कुठली भाषा येते?" एक आजोबा यिद्दिशमध्ये म्हणाले. रशियन झालं, स्पॅनिश झालं. एका बाईंनी लदिनो म्हटलं तेव्हा सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. आईने मांडीवरची आजोबांची हग्गादा उघडली, पान काढलं आणि हात वर करायला लागली. मी तिचा हात धरून खाली केला.

कारण काय? मला वाटलं, आता सगळे वळून बघतील, पुन्हा तेच विचारतील, आईचं इंग्रजी तोकडं पडेल, मला समजावून सांगावं लागेल. एवढ्यासाठी मी माझ्या वडिलांच्या मृत्यूनंतरच्या पहिल्या पेसाहला माझ्या आईला मराठीत हग्गादा वाचू दिली नाही. ज्यांनी स्वतः भाषा विचारली होती त्यांच्यापासून मी माझी भाषा लपवली. आई सप्टेंबरपर्यंत राहणार होती, ती मेमध्येच परत गेली.

आई गेल्यावर मला चुटपुट लागली, पण चूक नेमकी काय झाली हे मी नीट बघितलं नाही. काहीतरी भरपाई करावी असं वाटत राहिलं. त्यातून 2012 च्या तू बिशवातला दुसरी चूक घडली.

तू बिशवात हा झाडांचा सण, साधारण जानेवारी-फेब्रुवारीत येतो. अमेरिकेतल्या सिनेगॉगमध्ये त्या दिवशी फळांची सेदर करतात. आमच्याकडे हा एलियाहू हन्नाबीचा, म्हणजे संदेष्टा एलियाचा, उरूस. अलिबागजवळच्या खंडाळा गावी एलियाहू प्रकट झाला आणि तिथून स्वर्गाला गेला अशी आमची श्रद्धा आहे. त्याच्या रथाच्या चाकाची खूण खडकावर दाखवतात. माणसं तिथे जातात, मलिदा करतात. पोहे भिजवून त्यात खवलेला नारळ, साखर, वेलदोडा, सुकामेवा घालायचा, ताटात डोंगरासारखी रास करायची, भोवती पाच फळं मांडायची, सुवासाला सब्जा किंवा गुलाब ठेवायचा. दहा जण जमले की एलियाहूचं गाणं म्हणायचं, मग एकेका गोष्टीवर वेगवेगळी बराखा, म्हणजे आशीर्वचन: झाडाच्या फळावर वेगळी, जमिनीतून येणाऱ्यावर वेगळी, सुवासावर वेगळी. नवस फेडायला, लग्नाआधी, बाळंतपणानंतर, नव्या घरात, सगळीकडे मलिदा. जगात इतर कुठल्या यहुदी समाजात तो नाही.

मी घरी मोठं ताटभर मलिदा केला आणि कुणालाही आधी न सांगता सिनेगॉगमध्ये घेऊन गेले. शुद्ध शाकाहारी, दूधसुद्धा नाही, तेव्हा हरकत कसली असणार, असं गृहीत धरलं. स्वयंपाकघराच्या दाराशी व्यवस्थेच्या बाईंनी मला थांबवलं. म्हणाल्या, घरी शिजवलेलं काही आत नेता येणार नाही. त्या पुढे आणखी काही सांगत होत्या. मी ऐकलं नाही. ताट उचललं आणि गाडीत जाऊन बसले.

त्या क्षणी मला त्या दाराशी उभ्या असलेल्या बाई दिसत नव्हत्या, मला 1962 साल दिसत होतं. इस्राएलमध्ये त्या वर्षी मुख्य रब्बींच्या कार्यालयाने आदेश काढला की बेने इस्राएल माणसाचं लग्न लावण्याआधी त्याच्या मागच्या पिढ्यांची चौकशी करावी. आमचे लोक आधी भडकले, मग संघटित झाले. जेरुसलेममध्ये धरणं धरलं, आणि 1964 च्या ऑगस्टमध्ये तिथल्या संसदेने बेने इस्राएल सर्वार्थाने यहुदीच आहेत असं जाहीर केल्यावर तो प्रश्न सुटला. माझे मामा तेव्हा बेअरशेबाला होते, त्या धरण्यात बसले होते. त्यांच्या पत्रांतली वाक्यं आमच्या घरात म्हणींसारखी बोलली जायची. तुमचं घर पुरेसं यहुदी नाही, हे ऐकण्याची भीती माझ्यात लहानपणापासून मुरलेली होती. त्या बाईंच्या एका वाक्यात मी तेच ऐकलं.

ती भीती खरी होती. पण त्या भीतीला मी पुरावा मानलं, ही चूक होती. मी एकदाही विचारलं नाही की नियम काय आहे, कुणाकुणाला लागू आहे, कशासाठी आहे.

त्यानंतर काही वर्षं आम्ही त्या सिनेगॉगमध्ये जवळजवळ गेलोच नाही. सभासदत्व चालू ठेवलं, पाय ठेवला नाही. रोश हशाना आणि किप्पूरला न्यूयॉर्कला जायचो. तिथे भारतीय यहुद्यांचा समाज आहे. रोमिएल डॅनियल यांच्या पुढाकाराने मोठ्या सणांना आपल्या चालींत नमाज होई, जेवणात आपली चव असे. माझा तिथे फार जीव रमला. पण दर शनिवारी न्यूयॉर्क गाठणं शक्य नव्हतं, आणि मुलीच्या बाथ मिझवाचं, म्हणजे धर्माने सज्ञान होण्याचं, वय जवळ येत होतं. तिच्या मैत्रिणी, तिची शाळा इथली. मी मात्र भेटेल त्याला सांगत होते की आमच्या गावच्या सिनेगॉगने आम्हाला आपलं मानलं नाही. एकदा न्यूयॉर्कला जेवणाच्या पंगतीत एका वयस्क काकांना मी ही कथा ऐकवली. त्यांनी शांतपणे विचारलं, "अडवणाऱ्या बाईला कारण विचारलंस?" मी म्हटलं, "कारण दिसतच होतं." काका म्हणाले, "दिसत होतं की तुला वाटत होतं?" मला राग आला. तो राग बरेच दिवस गेला नाही, आणि तो काकांवरचा नव्हता.

2015 च्या अखेरीस बातमी आली. कॉन्झर्वेटिव्ह पंथाच्या धर्मनियम समितीने निर्णय दिला की पेसाहात तांदूळ, डाळी, मका खायला अश्केनाझींनाही हरकत नाही. आमच्या सिनेगॉगच्या पत्रात रब्बींनी तो समजावून लिहिला होता. लेखात एक वाक्य होतं, त्याचा आशय असा की ज्यांच्या आईवडिलांच्या घरी पूर्वीपासून तांदूळ खाल्ला जात होता त्यांना तर ही परवानगी नेहमीच होती.

नेहमीच होती. मी तो कागद हातात घेऊन बराच वेळ बसले. निर्णय बदलला होता तो इतरांसाठी. आईच्या ताटातला भात 2009 सालीही तितकाच कोशेर, म्हणजे धर्मनियमाला धरून, होता. फक्त मी रब्बींना विचारायला हवं होतं. आठवड्याभरात मी त्यांची वेळ मागून भेटायला गेले. त्यांनी सांगितलं की यहुदी धर्मात आईवडिलांची चाल ही काही सोयीची गोष्ट नाही, तिला जवळजवळ नियमाचं वजन असतं. मग मला म्हणाले, "इतकी वर्षं तुम्ही काही बोलला नाहीत. मला वाटायचं तुम्हाला तुमच्या चालींविषयी बोलायचं नसेल, म्हणून मीही कधी विचारलं नाही." मी गप्प राहिले ती नम्रता समजून, आणि त्यांनी माझ्या गप्प बसण्याला माझी इच्छा समजली. दोन्हीकडे चांगुलपणा होता आणि मधे कुणी बोलत नव्हतं.

2016 च्या किप्पूरआधीच्या आठवड्यात मी स्वयंपाकघराच्या बाईंकडे गेले. त्यांना ती संध्याकाळ आठवत होती. मी क्षमा मागितली आणि शेवटी तो प्रश्न विचारला, जो दाराशी उभं असताना विचारायला हवा होता. त्यांनी सांगितलं ते असं. सभासदांत कडक कोशेर पाळणारी घरं आहेत, थोडं पाळणारी आहेत, न पाळणारीही आहेत. घरचं अन्न आत घ्यायचं ठरलं तर कुणाच्या घरचं चालेल हे कुणीतरी ठरवायला लागेल. "मग मी एकीला हो म्हणणार आणि दुसरीला नाही. म्हणून सगळ्यांनाच नाही. माझ्या स्वतःच्या आईचं बोर्श्टसुद्धा या दारातून कधी आत गेलं नाही. इथे येऊन करा, बंद पाकिटं आणा, मी मदत करते, हेच मी तुम्हाला त्या दिवशी सांगत होते."

घराघराची परीक्षा घ्यावी लागू नये म्हणून केलेला नियम मी माझ्या घराची परीक्षा समजले होते. माझ्या मामांनी ज्याच्या विरोधात धरणं धरलं, नेमकी तीच गोष्ट टाळण्यासाठी त्या बाई दाराशी उभ्या राहत होत्या. मी जवळजवळ पाच वर्षं लोकांना उलटं सांगत फिरले होते. ज्यांना सांगितलं त्यांतल्या जितक्यांना गाठता आलं तितक्यांना नंतर खरं काय ते सांगितलं. सगळ्यांना गाठता आलं नाही.

आईला फोन केला तो किप्पूरच्या आदल्या रात्री. भाताचं बोलले, हाताचं बोलले. आई म्हणाली, "भाताचं काय एवढं! मला तुझी काळजी वाटत होती. त्या टेबलाशी तू इतकी घाबरलेली होतीस, मला वाटलं आपण गेलेलं बरं, म्हणजे हिला दोन्हीकडे बघत बसायला नको." ती रागावून लवकर गेली असं मी सात वर्षं समजत होते. तेही मी विचारलेलं नव्हतं.

2018 चा तू बिशवात 31 जानेवारीला होता. त्याच्या आदल्या संध्याकाळी मलिदा सिनेगॉगच्या स्वयंपाकघरात झाला. तयारी महिनाभर आधी सुरू केली. एडिसन गावातल्या दुकानातून पोह्यांची, साखरेची, अख्ख्या वेलदोड्यांची न फोडलेली पाकिटं आणली आणि बाईंनी ती आधी डोळ्यांखालून घातली. घरची विळी चालणार नव्हती. नवी खवणी घेतली, ती नियमाप्रमाणे मिक्वेच्या, म्हणजे विधीच्या स्नानकुंडाच्या, पाण्यात बुडवून आणली. अख्खे नारळ तिथेच फोडले. नारळ खवायला माझ्याबरोबर तीन बायका आणि दोन पुरुष होते, आणि खवता खवता गप्पा झाल्या. पूर्वी जे प्रश्न आले की मी पळायचे तेच प्रश्न पुन्हा आले: कुठलं गाव, कधीपासून, हिब्रू कशी टिकली. या वेळी मी उत्तरं दिली. घाण्यांचं ऐकून एक आजोबा म्हणाले की त्यांचे आजोबाही बियालिस्टोकजवळ तेल गाळायचे. भर थंडीत सब्जा मिळाला नाही, तर दोघीतिघींनी घरून शब्बाथ संपताना हुंगायच्या मसाल्याच्या चांदीच्या डब्या आणल्या आणि सुवासाची बराखा लवंग-दालचिनीवर झाली. केळ्यावर जमिनीची बराखा म्हणायची, झाडाची नाही, यावर रब्बींनी पाच मिनिटं आनंदाने समजावलं. गाणं मी सांगितलं, माझ्यामागून सगळ्यांनी म्हटलं.

मी एकटीने ताट सजवून नेलं असतं आणि त्यांनी ते आत घेतलंही असतं, तरी तो माझा पदार्थ झाला असता आणि ते पाहुणे. खवणी एकेकाच्या हातात गेली म्हणून सण सगळ्यांचा झाला. आता दर वर्षी तू बिशवातच्या यादीत मलिद्याची सामग्री लिहिलेली असते आणि मी नसले तरी तो होतो.

राहिली मुलगी. तिच्या बाथ मिझवाला तिने नवगावची गोष्ट आपणहून सांगितली. मी सांगितली होती म्हणून नाही, आजीने फोनवर सांगितली होती म्हणून. त्यानंतर एका रात्री मी तिला विचारलं, "तुला आठवतं, मी तुला एकदा पुढे बोलू नकोस म्हटलं होतं?" ती म्हणाली, "हो. मला वाटायचं आपण खोटे ज्यू आहोत आणि तू ते लपवतेस." हे तिने किती वर्षं मनात बाळगलं होतं हे मला विचारवलं नाही. मी तिची क्षमा मागितली. ती "ठीक आहे" म्हणाली. तिच्या वयाच्या मुली तसं म्हणतात. खरंच ठीक आहे का, हे मला माहीत नाही. ते तिच्या वागण्यातून हळूहळू कळेल आणि मला वाट बघावी लागेल.

परदेशी नव्याने आलेल्या आमच्या समाजाच्या मुलींना मी आता एवढंच सांगते. ज्या सिनेगॉगमध्ये जाल तिथे पहिल्याच महिन्यात रब्बींची वेळ मागा आणि सांगा की आम्ही पेसाहला भात खातो, मलिदा करतो, आमची चाल अशी आहे. स्वयंपाकघराचा नियम काय, तो विचारा आणि कारणासकट ऐकून घ्या. कुणी "कधी ज्यू झालात" म्हणून विचारलं तर मुलांसमोर पूर्ण उत्तर द्या, अर्धं नको. आणि आई आली असेल तर तिच्या हातातलं ताट काढून घेण्याआधी तिला विचारा की हे कशासाठी आहे. तिला कारण माहीत असतं. माझ्या आईला माहीत होतं.